इंडियानाचा ११-२ हंगाम: नव्या कोचला एका वर्षात काय जमलं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात शिकतो आणि फोनवर अभ्यासापेक्षा फुटबॉलवर जास्त बोलतो. २०२३ मध्ये १२ पैकी ३ सामने जिंकलेल्या संघाने २०२४ मध्ये नवा कोच आल्या आल्या १३ पैकी ११ जिंकले. मुलगा म्हणतो जादू आहे, रूममेट म्हणतो वेळापत्रक सोपं होतं. आम्ही पुण्यात, हा खेळ कधी नीट पाहिलेला नाही. खरं कुणाचं? आणि कोच एका वर्षात असं करतो तरी काय?

दोघांनाही अर्धे गुण.

मी ब्लूमिंग्टनपासून तासाभरावर, कोलंबसमध्ये राहतो. (इंडियानातलं छोटं कोलंबस. ओहायोतलं मोठं कोलंबस वेगळं, ते पुढे येईलच.) इथे इंजिनांची मोठी कंपनी असल्यामुळे पुण्याची माणसं ढिगाने आहेत, मीही त्यातलाच एक. मुलगा शाळेच्या संघात गेला, त्याला आणायला म्हणून मी मैदानाच्या कडेला उभा राहायचो. एक दिवस तिथला कोच म्हणाला, नुसता उभा राहतोस तर पाण्याच्या बाटल्या तरी भर. मुलगा शाळेतून कधीचा बाहेर पडला, मी अजून तिथेच आहे. सतरा हंगाम झाले, शाळेच्या पोरांना ओ-लाइन शिकवतो. माझी मूळ पात्रता म्हणाल तर सांगलीच्या तालमीत काढलेली सहा वर्षं. ती पुरली. लाइनचं काम निम्मं कुस्तीचंच आहे: कंबर खाली, पाय सरकते, हात समोरच्याच्या छातीच्या आत, आणि जो उठून उभा राहिला तो गेला. माझं उत्तर लाइनकडे झुकलेलं असणार, तेवढं समजून वाचा.

खेळ जेवढा लागतो तेवढाच सांगतो. अकरा विरुद्ध अकरा. ज्यांच्याकडे बॉल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं; गेले की पुन्हा चार प्रयत्न. बॉल क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास फेकणाऱ्याकडे येतो. त्याच्यासमोर पाच धिप्पाड पोरं उभी असतात, तीच ओ-लाइन. समोरून अंगावर येणाऱ्यांना अडीच-तीन सेकंद थोपवायचं, एवढंच त्यांचं काम. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे पळतो, त्यामुळे ही पाच जणं कुणाला दिसत नाहीत. दिसली तर काहीतरी चुकलं असं समजा. कॉलेजचा हंगाम म्हणजे आठवड्याला एक असे १२ सामने, ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर. पुढचं खेळायला मिळालं तर नशीब.

इंडियाना हे बास्केटबॉलचं राज्य. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. फुटबॉल म्हणजे शनिवारी पार्किंगमध्ये खाणंपिणं, आणि पाहुणा संघ फारच पुढे गेला की मध्यंतराला घरी. रोझ बोलमध्ये तोवर एकदाच खेळलेले, १९६७ च्या हंगामानंतर, तेही हरले. बोल सामना म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना. तो त्याआधी शेवटचा जिंकला होता १९९१ मध्ये. आधीचे कोच टॉम ॲलन भला माणूस. २०२० मध्ये आठपैकी सहा जिंकून त्यांनी आम्हाला वेड लावलं होतं. पुढची तीन वर्षं २-१०, ४-८, ३-९. नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठाने त्यांना १ कोटी ५५ लाख डॉलर देऊन मोकळं केलं. हो, काढण्याचे पैसे.

मग आले कर्ट सिग्नेटी. तेव्हा वय ६२. वडीलही कोच होते. हे गृहस्थ अलाबामा विद्यापीठात निक सेबन या नावाजलेल्या कोचच्या हाताखाली होते, तिथून २०११ मध्ये उठून पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान, दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत खेळणाऱ्या कॉलेजात मुख्य कोच म्हणून गेले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर कुणी मंत्रालयातली खुर्ची सोडून तालुक्याला जात नाही. हे गेले. तिथून इलॉन, मग जेम्स मॅडिसन, आणि प्रत्येक ठिकाणी जिंकत आले. ब्लूमिंग्टनला पत्रकारांनी विचारलं की खेळाडूंना इथे यायला कसं पटवता, तेव्हा म्हणाले, "मी जिंकतो. गुगल करा." इथल्या लोकांना ते वाक्य फार आवडलं. मला तेव्हा तो माणूस आगाऊ वाटला. नंतर मीही गुगल केलं.

आता मुद्द्याचं. तुमच्या मुलाला जे सप्टेंबरात दिसलं ते आदल्या डिसेंबरातच ठरलं होतं.

कॉलेजचा खेळाडू आता कॉलेज बदलू शकतो. पूर्वी बदललं की वर्षभर बाहेर बसावं लागायचं. २०२१ पासून पहिल्या बदलीला ती अट उरली नाही. त्यामुळे नवा कोच आला की अर्धा संघ जातो, अर्धा येतो. बहुतेक कोच या बाजारात उंची, वजन, धावायचा वेग आणि शाळेत असताना गुणांकनात मिळालेले तारे बघतात. सिग्नेटींनी जुन्या कॉलेजातून, जेम्स मॅडिसनमधून, १३ खेळाडू सोबत आणले. ऑफेन्सचे प्रमुख माइक शॅनहन आणि डिफेन्सचे प्रमुख ब्रायंट हेन्स हेही त्यांच्याबरोबरच आले. एडन फिशर, मिकाइल कमारा, डिअँजेलो पाँड्स, एलायजा सॅरट ही नावं मुलाला विचारा, तो एका दमात सांगेल. शाळेतून बाहेर पडताना यातल्या कुणाच्या मागे मोठी कॉलेजं रांग लावून उभी नव्हती. पण कॉलेजच्या मैदानावर त्यांनी काम करून दाखवलेलं होतं. सिग्नेटींचं सूत्रच ते आहे: पोरगा पुढे काय करू शकेल ते सोडा, आत्तापर्यंत काय केलंय ते दाखवा. क्वार्टरबॅक कर्टिस रोर्क हाही तसाच, ओहायो विद्यापीठात वर्षानुवर्षं खेळून आलेला कॅनेडियन. (ओहायो विद्यापीठ म्हणजे ओहायो स्टेट नव्हे. इथली नावं अशी घोळ घालतात.)

पण चांगले खेळाडू आणले एवढंच असतं तर पैसेवाला कुठलाही संघ हे करतो. इथे तेरा जण एक भाषा बोलत आले. हे महत्त्वाचं का, ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत नवे मुख्य कोच आले. हुशार, मेहनती, आणि येताना स्वतःची वही घेऊन आले. आम्ही लाइनवर डाव्या बाजूला सरकायचं असेल तर एक शब्द ओरडायचो. त्यांच्या वहीत तोच शब्द उजवीकडे सरकण्यासाठी होता. मी म्हटलं, तेवढा एक राहू द्या. ते म्हणाले, पोरं शिकतील. ऑगस्टभर पोरं शिकली, पाठही झालं. पहिल्या शुक्रवारी तिसऱ्याच प्रयत्नाला सेंटरने (पाचांतला मधला) शब्द ओरडला, त्याच्या शेजारचा डावा गार्ड नव्या वहीप्रमाणे उजवीकडे गेला, उजवा गार्ड जुन्या सवयीने डावीकडे आला आणि दोघांची हेल्मेटं सेंटरच्या पाठीमागे एकमेकांवर आदळली. मधून समोरचा पोरगा चालत आला. धावत नाही, चालत. आमचा क्वार्टरबॅक त्याच्याकडे अशा नजरेने बघत होता की हा वाट चुकलाय का. त्या हंगामात आम्ही दोन सामने जिंकलो.

घामाघूम झालेला, दम लागलेला, समोर सव्वाशे किलोचा गडी असलेला पोरगा विचार करत नाही. त्याला जे आधी आठवतं तेच तो करतो. नव्या कोचचं पहिलं वर्ष बहुतेकदा इथेच वाया जातं. सिग्नेटींच्या ड्रेसिंग रूममध्ये मात्र पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येक कोपऱ्यात एखादा असा होता, ज्याला ती वही तोंडपाठ होती. कोचने एकदा सांगायचं, शेजारच्याने दहादा.

विदर्भाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. २०१७-१८ ला चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले आणि त्याच हंगामात विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली. वसीम जाफर, गणेश सतीश ही बाहेरून आलेली, पण कामाची आणि काम केलेली माणसं. फैज फझल, रजनीश गुरबानी ही घरची. पंडितांची शिस्त किती कडक होती याचे किस्से नागपूरकर रंगवून सांगतात. सिग्नेटीही सामन्यात हसत नाहीत. पन्नास गुणांनी पुढे असले तरी कर्ज फेडायला निघाल्यासारखा चेहरा.

हंगाम सुरू होण्याआधी पत्रकारांच्या अंदाजात इंडियानाला बिग टेन गटातल्या १८ संघांत १७ वं धरलं होतं. (बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत. विचारू नका.) पहिले आठ सामने मी भरभर सांगतो, कारण संघही भरभरच जिंकला. फ्लोरिडा इंटरनॅशनल ३१-७, वेस्टर्न इलिनॉय ७७-३, यूसीएलएला लॉस एंजलिसजवळ त्यांच्या घरी ४२-१३, शार्लट ५२-१४, मेरिलँड ४२-२८, नॉर्थवेस्टर्न ४१-२४, नेब्रास्का ५६-७. नेब्रास्काविरुद्ध रोर्कचा अंगठा दुखावला. पुढच्या शनिवारी वॉशिंग्टनविरुद्ध बदली क्वार्टरबॅक टेव्हन जॅक्सनला घेऊन ३१-१७.

त्या शनिवारी मी गेलो होतो. आमच्याकडून जाणारा ४६ नंबरचा रस्ता ब्राउन काउंटीच्या टेकड्यांतून जातो आणि ऑक्टोबरात तिथे पानांचे रंग बघायला माणसं लोटतात. एरवी आम्ही त्या पर्यटकांना शिव्या घालतो. त्या दिवशी गर्दी निम्मी पानांची, निम्मी फुटबॉलची होती. तासाच्या रस्त्याला अडीच तास लागले आणि कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. सत्तरीच्या पुढचा एक म्हातारा पार्किंगमध्ये दोन्ही हात खिशात घालून नुसताच स्टेडियमकडे बघत उभा होता. मी विचारलं, आत येणार नाही का? म्हणाला, येतो, जरा आवाज ऐकतोय.

नवव्या सामन्यात मिशिगन स्टेटविरुद्ध ०-१० अशी वेळ आली. अख्ख्या हंगामात पहिल्यांदाच इंडियाना मागे पडली होती. त्यानंतर सलग ४७ गुण. माझ्या मते कोचचं खरं काम तुम्हाला बघायचं असेल तर हा सामना बघा. संघ मागे पडल्यावर बाजूला कुणी ओरडत नव्हतं, खेळ बदलला नाही, नवीन काही काढलं नाही. जे येत होतं तेच नीट केलं.

आता रूममेटच्या बाजूचं. त्याचं म्हणणं हवेतलं नाही. इंडियानाने हरवलेल्या अकरा संघांपैकी हंगामाअखेर जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त असलेले संघ फक्त दोन, मिशिगन आणि नेब्रास्का. ओरेगन आणि पेन स्टेट वाट्याला आलेच नाहीत. वॉशिंग्टन आणि मिशिगन आदल्या वर्षीचे अंतिम फेरीतले, पण दोघांचे कोच आणि बरेचसे खेळाडू निघून गेले होते.

पण इथेच मी रूममेटला एक विचारीन. यूसीएलए, वॉशिंग्टन, मिशिगन स्टेट, मिशिगन या चारही संघांत त्याच वर्षी नवे मुख्य कोच होते. त्यांचे हंगाम झाले ५-७, ६-७, ५-७ आणि ८-५. चौघेही इंडियानापेक्षा मोठ्या नावाचे. नव्या कोचचं पहिलं वर्ष साधारण कसं जातं, ते या आकड्यांत आहे. वेळापत्रक सोपं असलं तर तुम्ही सामना जिंकता. ५६-७, ४७-१०, ६६-० असा फडशा पाडायला आणखी काहीतरी लागतं. ते ६६-० म्हणजे पर्ड्यू, आमचे शेजारी आणि सनातन वैरी. आधीची तीन वर्षं तेच जिंकले होते. इंडियानाने पर्ड्यूला एवढ्या फरकाने याआधी कधीच हरवलेलं नव्हतं.

तरी मला काळजी मिशिगनच्या सामन्यापासून लागली होती. जिंकले, २०-१५. पण दुसऱ्या अर्ध्यात ऑफेन्स जागचा हलेना. मिशिगनच्या मधल्या दांडग्यांनी आमच्या पाच जणांना मागे रेटलं. दहापैकी दहा झाल्याचा जल्लोष चालला होता आणि मी घरी सोफ्यावर बसून त्या गार्डांचे पाय बघत होतो. टाचा टेकायला लागल्या होत्या. तालमीत वस्ताद हेच बघायचे: टाच टेकली की पुढचा डाव समोरच्याचा.

पुढचा सामना २३ नोव्हेंबरला, ओहायोतल्या त्या दुसऱ्या कोलंबसला. ओहायो स्टेटच्या स्टेडियमात लाखभर लोक असतात. इतक्या आवाजात क्वार्टरबॅकची हाक दोन फुटांवर ऐकू येत नाही, मग मुकी मोजणी करतात. ती अशी: गार्ड मान वळवून पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे बघतो. त्याने पाय उचलला की गार्ड सेंटरच्या मांडीला थाप मारतो. सेंटर मान वर करतो, मनात एक म्हणतो आणि बॉल मागे देतो. कडेच्या टॅकलला यातलं काही ऐकू येत नाही. तो डोळ्याच्या कोपऱ्यातून बॉल हलताना बघतो आणि मग हलतो. अडचण ही की समोरचाही तोच बॉल बघत असतो. घरच्या मैदानावर बॉल कधी येणार हे फक्त आपल्यालाच माहीत असतं, तेवढीच लाइनची श्रीमंती. तिथे ती गेली. पहिला टचडाउन (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं) आमचा झाला, रोर्कने पहिल्या फेरीत शांतपणे संघ पुढे नेला. नंतर मात्र त्याला पाच वेळा बॉलसकट जमिनीवर आणलं, आणि अख्ख्या सामन्यात त्याचे पासचे यार्ड झाले ६८. मध्यंतराच्या तोंडावर आमच्या पंट करणाऱ्याच्या (चौथ्या प्रयत्नाला बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना देतात, तो पंट) हातून बॉल निसटला, ओहायो स्टेटला बॉल आमच्या गोलाच्या दारातच मिळाला. मध्यंतरानंतर केलेब डाउन्सने आमचा पंट पकडला आणि ७९ यार्ड पळत नेला. ३८-१५.

पुढे कळलं की रोर्क हंगामभर फाटलेल्या लिगामेंटवर खेळत होता. ऑगस्टच्या सरावातच गुडघा गेला होता. हे वाचल्यावर मी तो सामना पुन्हा लावला. बिचारा त्या पायावर कुठे पळणार होता.

पहिल्यांदाच बारा संघांची बाद फेरी सुरू झाली होती, इंडियाना दहाव्या क्रमांकावर आत गेली. २० डिसेंबरच्या थंडीत नोट्र डेमच्या मैदानावर पहिली फेरी. सुरुवातीलाच आम्ही त्यांचा पास पकडला, गोलाजवळ गेलो, आणि रोर्कचा पास त्यांनी पकडला. लगेच जेरेमाया लव्ह ९८ यार्ड पळाला. तिथे सामना फिरला. शेवटी २७-१७, पण तो आकडा आमची लाज राखणारा आहे. शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा २७-३ होतं. सिग्नेटींनी ३-२० मागे असताना चौथ्या प्रयत्नावर बॉल मारून प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला, ते मला आजही पटलेलं नाही. हंगामभर "मी जिंकतो" म्हणणाऱ्या माणसाने तेव्हा हरण्याचा हिशोब मांडल्यासारखं वाटलं.

आणि ज्या दोघांकडून हरलो, त्या ओहायो स्टेट आणि नोट्र डेममध्येच पुढे अंतिम सामना झाला. रूममेटला हेही ऐकवा.

एका वर्षात नवा कोच डिफेन्सची भूक, पासची शिस्त, धांदल न होणं, हे सगळं बाहेरून आणू शकतो. लाइन आणता येत नाही, ती मुरावी लागते. पाच जण एकमेकांच्या श्वासावर हलायला दोन-तीन वर्षं जातात, आणि सहावा-सातवा तेवढाच तयार असावा लागतो. सिग्नेटींना हे कळत होतं असं मी धरतो, कारण जुन्या कोचच्या हाताखालचा लाइनचा कोच बॉब बोस्टॅड त्यांनी काढला नाही. नवा राजा आला की जुने सरदार जातात. हा एक ठेवला. माझ्या दृष्टीने तेरा खेळाडू आणण्याइतकाच तो निर्णय मोठा होता, आणि त्यावर कुणी चार ओळीही लिहिल्या नाहीत. पुढच्या वर्षी आणखी एक केलं: आपल्याला हरवणाऱ्या नोट्र डेमचा सेंटर पॅट कूगन यालाच आणून मधोमध उभा केला. २०२५ च्या हंगामात संघ १६ पैकी १६ जिंकून राष्ट्रीय विजेता झाला, ती गोष्ट मुलगा तुम्हाला न विचारताच सांगेल.

त्याला एवढंच सांगा: पुढच्या शनिवारी स्टेडियमात गेलास की पहिले दहा प्रयत्न बॉलकडे बघू नकोस. सेंटरच्या टाचांकडे बघ आणि मग आईबाबांना फोन कर.